कुलूप मीच लावलंय

"हॅलो?… हो, मीच बोलतेय… हो, कुलूप मीच लावलंय. दुसरं कोण लावणार?"

शशिकलाताई घराच्या पोर्चमध्ये उभ्या होत्या. एका हातात फोन, दुसऱ्या हाताच्या मुठीत किल्ली. शेजारच्या मोकळ्या प्लॉटच्या गेटबाहेर लॉनचे हिरवे रोल भरलेला छोटा ट्रक उभा होता आणि ट्रकला टेकून ठेकेदार रघुवीर दुसरीकडेच कुठेतरी बघत होता. त्यानेच पुण्याला फोन लावून तक्रार केली होती. पाच मिनिटं झाली नाहीत तोच देवदत्तचा फोन.

"दत्ता, तू आधी आवाज खाली कर… मी ओरडतेय? हो, ओरडतेय. दोन दिवस झाले मी मनातल्या मनात ओरडतेय, आता जरा मोठ्याने… नाही. उघडणार नाही… अरे, रोल वाळतील तर वाळू देत! गवतच आहे ते."

देवदत्त त्यांचा पाठचा भाऊ, पुण्यात चांगल्या नोकरीत. वडिलांनी इंदूरला सुदामानगरात शेजारी शेजारी दोन प्लॉट घेतले होते, एक मुलीला, एक मुलाला. शशिकलाताईंनी आपल्या प्लॉटवर घर बांधलं, एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्या. देवदत्तच्या प्लॉटवर अकरा वर्षांत वाढलं ते फक्त गाजर घास, म्हणजे गाजर गवत. डोक्याएवढं उंच, वर पांढऱ्या बारीक फुलांचा चुरा, आणि बुडाशी मोथ्याच्या, लव्हाळ्याच्या गाठींचं जाळं. आता त्याच्या मुलीचं, श्रेयाचं लग्न ठरलं होतं, मुलगा इंदूरचाच. रिसेप्शन आपल्याच जागेत, हिरव्या लॉनवर करायचं असं पुण्यात बसून ठरलं होतं. लग्नाला राहिले होते चार आठवडे.

"माहितीये मला तारीख. पत्रिका माझ्यासमोर फ्रिजवर लावलीये… हो, हो… लॉन जमिनीला धरायला तीन आठवडे लागतात, तेही माहितीये. रघुवीरने दहा वेळा ऐकवलंय… अरे ऐक ना. ऐक तरी! तू फोन लावलास, पहिलं वाक्य काय बोललास? 'ताई, कुलूप का लावलंस?' ताई, कशी आहेस, तिकडे काय झालं, काही नाही. कुलूप!"

ट्रकच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. शशिकलाताईंनी फोन कानावरून जरा बाजूला केला.

"भिया, हॉर्न मत बजाओ! सुन रही हूँ मैं! … नाही, तुला नाही. ड्रायव्हरला… काय? काय झालं म्हणजे? रघुवीरने तुला काय सांगितलंय?… 'एक लेबर काम सोडून गेली'? असं म्हणाला? 'सोडून गेली'?"

त्यांनी रघुवीरकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली आणि बुटाच्या टोकाने रस्त्यावरचा खडा ढकलला.

"दत्ता, ती सोडून गेली नाही. मी तिला उचलून ऑटोत घातली आणि हॉस्पिटलात नेली. बुधवारी दुपारी. परवा… रामकन्या. रामकन्याबाई, तिकडे सिमरोल गावची. तीन बाया आल्या होत्या ना मंगळवारी, त्यातली मोठी. पस्तिशीची असेल… नाही, पडली नाही. साप नाही चावला. ऐकून घे, मध्ये मध्ये बोलू नको."

मंगळवारी सकाळी आठला तिघी आल्या होत्या. हातात विळे, डोक्याला ओढण्या गुंडाळलेल्या, आणि हात उघडे. दोन दिवस त्या ते गाजर घास मुळासकट उपटत होत्या. उपटलं की फुलांची पांढरी भुकटी उडायची, बायांच्या भुवयांवर बसायची.

"मंगळवारीच तिला शिंका सुरू होत्या. बुधवारी दुपारी साडेबाराला मी बघते तर ती भिंतीला टेकून बसलेली. तोंड इतकं सुजलेलं की डोळे दिसेनात. हात कोपरापर्यंत लाल, भाजल्यासारखे. आणि छातीतून आवाज… शिटीसारखा, दत्ता. श्वास घेतला की शिटी. आणि हा तुझा रघुवीर तिला काय म्हणतोय? 'पानी पी ले, छाया में बैठ जा, ठीक हो जाएगा.'… नाही, पळून नाही गेला तो. उभा होता. नुसता उभा होता!"

"… हो, ऑक्सिजन लावला. चार तास डॉक्टर काही बोलायलाच तयार नव्हते… आता बरी आहे. म्हणजे श्वास बरा आहे. अजून तिथेच आहे, उद्या परवा सोडतील… थांब. थांब, दत्ता. 'चला, सुटलो' असा तो सुस्कारा सोडू नकोस. मला ऐकू येतो इथे."

शशिकलाताई पोर्चच्या पायरीवर बसल्या. गुडघा दुखत होता, पण राग बसू देत नव्हता. लगेच पुन्हा उठल्या.

"डॉक्टरांनी काय सांगितलं ते ऐक. तिला या घासाची बाधा आधीपासून थोडीथोडी होत असणार, शेताच्या बांधावर राहते ती. या वेळी अती झालं. आता हे जात नसतं. पुढे कधी नुसती त्याच्या जवळून गेली तरी अंगावर उठणार, दम लागणार. आणि ती काम काय करते माहितीये? सिमरोलच्या त्या मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॅम्पसमध्ये निंदणी करते. बगिच्यातली. बारा वर्षं. तेवढंच येतं तिला… काय 'ओह'? तिचं कामच गेलं रे! दोन दिवसांत!"

पलीकडे देवदत्त बराच वेळ काहीतरी बोलत होता. शशिकलाताई ऐकत होत्या, मान हलवत होत्या, आणि मुठीतली किल्ली तळहाताला रुतेपर्यंत आवळत होत्या.

"हं… हं… अच्छा. म्हणजे चूक सगळी रघुवीरची. हातमोजे त्याने द्यायला हवे होते… बरोबर आहे. द्यायलाच हवे होते. सोडणार नाही मी त्याला. पण एक सांग. रघुवीरचं पहिलं म्हणणं काय होतं? आठव… मी सांगते. तो म्हणाला होता, एखाद्या सकाळी वारा पडला की औषध फवारतो, तीन आठवडे थांबू, घास जागेवर वाळू दे, मग मशीन लावून कापतो, जमीन खणून मोथ्याच्या गाठी काढतो, आणि मग लॉन. असं म्हणाला होता ना? माझ्यासमोर म्हणाला होता, दसऱ्याच्या आधी. मग ते बदललं कोणी?"

त्यांनी फोनच्या स्क्रीनकडे पाहिलं, कॉल चालू होता.

"दत्ता?… आहेस ना? मी विचारलं, बदललं कोणी?… 'रघुवीरनेच घाई केली'? त्याने? आपल्या मनाने?… परत एकदा बोल."

"… दत्ता, तू सांगतोस की मी सांगू?… मग मीच सांगते. काल रघुवीरने मला तुझा व्हॉइस मेसेज ऐकवला. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून ऐकला मी. तुझा आवाज मला ओळखू येतो, लहानपणापासून ऐकतेय. 'भैया, दवाई-ववाई कुछ मत डालना, उस पर मेहमान नंगे पाँव घूमेंगे, छोटे बच्चे लोटेंगे. हाथ से उखड़वा लो. लेबर लगा दो. शुक्रवार को लॉन बिछना चाहिए.' हेच शब्द. खोटं असेल तर सांग… पाहुण्यांच्या पायांची काळजी होती तुला. चांगली गोष्ट आहे. पण जी उपटणार तिला हात आहेत, हे नाही आलं डोक्यात?"

समोरच्या बंगल्यातल्या बाई गॅलरीत येऊन वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने रेंगाळल्या. शशिकलाताईंनी त्यांच्याकडे एकदा रोखून पाहिलं. बाई आत गेल्या.

"काय?… काय बोलून राहिलास? परत बोल… 'प्लॉट माझ्या नावावर आहे.' आहे. बाबांनी तुझ्याच नावावर केलाय. कोण नाही म्हणतंय? अकरा वर्षं तुझ्या नावावर उंदीर, साप, डास सगळं होतं, मीच बघत होते. आता तोडायचंय कुलूप? तोड. रघुवीरला सांग, हातोडा आण. मी इथेच उभी आहे, गेटला पाठ लावून उभी राहते. बघू तो मला कसा बाजूला करतो… धमकी नाही देत. सांगतेय… हो, हो, दे. दे अमिताला. मलाही बोलायचंच आहे तिच्याशी."

फोन त्यांनी दुसऱ्या कानाला लावला. आवाज थोडा उतरला. भावजयीशी बोलताना तो नेहमीच थोडा उतरत असे, आणि म्हणूनच ते बोलणं जास्त अवघड जायचं.

"हं, बोल अमिता… हो गं… हो, श्रेयाला कळलं? नका सांगू अजून… मला कळतंय. हॉल आता मिळणार नाहीत, कळतंय मला. तिकडच्या मंडळींना 'घरच्या लॉनवर' असं सांगून झालंय, तेही कळतंय… अगं ऐक ना. मी लग्नाच्या आड नाहीये. माझी भाची आहे ती… नाही, अमिता. 'तिला काहीतरी देऊ' हे आत्ता नको. ते बोलू नंतर. तू पहिल्याच वाक्यात मिटवायला निघालीस… नाही, मी टोमणा मारत नाहीये. अगं, तू… काय?"

शशिकलाताईंनी फोन पुन्हा पहिल्या कानाला लावला.

"… काय म्हणालीस? परत म्हण."

अमिताने परत म्हटलं असावं. शशिकलाताईंनी किल्ली धरलेला हात पोर्चच्या खांबावर टेकवला. रघुवीरलाही काहीतरी वेगळं घडतंय हे जाणवलं. तो ट्रकपासून दोन पावलं पुढे आला आणि थांबला.

"… हो. होते मी इथेच. दोन्ही दिवस."

"… नाही, रागावले नाही. बरोबर विचारलंस. तुझ्या जागी मीही हेच विचारलं असतं. 'ताई, तुम्ही तिथेच होतात ना, मग तुम्ही काय केलंत?' बरोबर आहे."

राग तसाच होता, पण आता त्याचं तोंड फिरलं होतं.

"सांगते मी काय केलं. मंगळवारी सकाळी किचनच्या खिडकीतून बघितलं. तिघींचे हात उघडे आहेत, हे दिसलं मला. अमिता, एकतीस वर्षं मी आठवीच्या मुलींना शिकवलं. फळ्यावर चित्र काढून. पार्थेनियम. गाजर घास. याला उघडा हात लावायचा नाही, तोंडावर रुमाल बांधायचा, दमा होतो, त्वचा जाते. पेपरात हमखास यायचा तो प्रश्न. लिहिलं नाही तर मार्क कापायचे मी. आणि मी खिडकीतून बघितलं आणि दूध वर येत होतं म्हणून गॅसकडे वळले."

"… नाही, थांब, अजून आहे. चहा दिला मी त्यांना. दोनदा. बिस्किटं पण दिली, फार चांगली बाई मी. माझ्या कपाटात बागकामाचे हातमोजे होते, दोन जोड, नवीन, टॅगसकट. ते आठवलेच नाहीत. आणि बुधवारी… बुधवारी अकरा वाजता मी बाहेर आले होते, अमिता. त्यांच्याजवळ गेले होते. कशाला गेले, विचार. उपटलेला घास माझ्या भिंतीला लागून ढीग करत होत्या, तो उधर डालो, हे सांगायला गेले. रामकन्याच होती समोर. शिंकत होती. नाक पुसत 'हाँ बाईजी' म्हणाली आणि सगळा ढीग कवेत उचलून पलीकडे नेऊन टाकला. कवेत, अमिता. तोंडापाशी धरून. दीड तासाने ती भिंतीला टेकून बसलेली होती."

भाजीवाल्याचा हातगाडा भोंग्यावर बटाटे, मेथी, पालक ओरडत गेला. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत शशिकलाताई थांबल्या.

"… म्हणून मी कुलूप लावलं. तुमच्यावर राग म्हणून नाही. म्हणजे तुमच्यावर आहेच, तो काही कमी होणार नाही. पण काल सकाळी त्यातल्या उरलेल्या दोघी पुन्हा आल्या, राहिलेला कोपरा साफ करायला. उघड्या हातांनी. एकीच्या मनगटावर चट्टे उठलेले. मी परत खिडकीत उभी. आणि या वेळी मी गॅस बंद केला, कुलूप घेतलं आणि बाहेर गेले… अमिता? रडतेस? रडू नको गं. मला ते जमत नाही… अमिता?… हॅलो?"

पलीकडे फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली.

"… हं. दत्ता. कुठे गेली ती?… आत गेली. राग आला असेल. येऊ दे. मलाही आलाय… काय?… रामकन्या. हो, 'रामकन्याबाई' म्हण. नाव तरी विचारलंस, आत्ता का होईना… नवरा आहे, मुलगी आहे नववीत. नवरा रोज सिमरोलहून येतो बसने, रात्री परत जातो… हो. हॉस्पिटल सरकारी नाही, खाजगी. माझ्या घरापासून दहा मिनिटं."

आता देवदत्त हळू बोलत असावा, कारण शशिकलाताईंना फोन कानात दाबून धरावा लागत होता.

"लॉनचं? सांगते. हे आत्ता असंच वर अंथरलं ना, तरी पंधरा दिवसांत खालून मोथा वर येईल, काट्यासारखा, तुझ्या रिसेप्शनच्या दिवशी सगळं भोसकून. जमीन तयारच नाहीये. काळी माती आहे, वरून नुसती सपाट केलीये रघुवीरने, गाठी सगळ्या आत. मग हे कशासाठी केलं?… नाही, लग्नाआधी होणार नाही. कितीही माणसं लाव, होणार नाही. पाहुण्यांना माझ्या गच्चीवर बसव, समोरच्या रस्त्यावर मांडव घाल, कॉलनीवाल्यांशी मी बोलते. श्रेया समजून घेईल, ती तुमच्या दोघांपेक्षा शहाणी आहे… हो. आणि प्लॉट साफ होईल तो नीट. औषध, थांबणं, मशीन. आणि जो कोणी आत पाय ठेवेल त्याच्या हातात मोजे, तोंडावर मास्क. मी गेटवर खुर्ची टाकून बसेन. मार्चमध्ये घाल लॉन, एप्रिलमध्ये घाल. नाहीतर घालूच नको."

"… काय म्हणालास? नीट बोल, तुटतंय… 'तिचं काय करायचं?'"

शशिकलाताईंनी कपाळावरचे केस मागे सारले.

"मला नाही माहीत, दत्ता. माहीत असतं तर एवढी ओरडले असते का? दोन रात्री तेच डोक्यात आहे. शाळेत विचारलं मी, हॉस्टेलच्या किचनमध्ये कोणी हवंय का. बघतो म्हणाले. नाहीच म्हणतील कदाचित. ती रोज एवढ्या लांबून येणार कशी, तेही आहे… तू विचार कर. तू पण विचार कर, मी एकटीने का करायचा?"

"… येतोस?… कधी?… नक्की? मीटिंग-बिटिंग सांगू नकोस मग शनिवारी रात्री… बरं. रविवारी सकाळी. स्टेशनवरून सरळ हॉस्पिटल. घरी नाही, आधी तिकडे. सोडलं असेल तर सिमरोलला जाऊ दोघं… हो, मी येईन. थांब जरा, एक मिनिट. ठेवू नको."

त्या गेटबाहेर आल्या. रघुवीर सरळ उभा राहिला. ट्रकमधल्या रोलांच्या कडा उन्हाने करकरीत झाल्या होत्या.

"रघुवीर भिया, गाड़ी वापस भेज दो. रोल पर पानी छिड़कवा देना, किसी और के यहाँ लग जाएँगे… बहस मत करो. साहब से बात हो गई, ये देखो, फोन चालू है. और तुम मेरे साथ चलो… कहाँ क्या? अस्पताल. चार बजे मिलने का टाइम है… शाम को नहीं. अभी."

रघुवीरने ड्रायव्हरकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं, पुण्याच्या साहेबांचा आवाज ज्यातून येत होता त्या फोनकडे पाहिलं. तो माणूस वाईट नव्हता. परदेशीपुऱ्यातल्या दोन खोल्यांत राहून, रोज कुणाच्या तरी घाईवर जगणारा होता. पण दोन दिवसांत तो हॉस्पिटलच्या पायऱ्यांच्या वर चढला नव्हता. त्याने ड्रायव्हरला हात केला. ट्रक मागे सरकत गल्लीच्या तोंडाला लागला.

शशिकलाताईंनी ऑटो थांबवला. रघुवीर पुढे ऑटोवाल्याशेजारी चढायला लागला, तेव्हा त्यांनी मागच्या सीटवर सरकून जागा केली आणि तिथे हाताने थोपटलं. तो मागे येऊन बसला.

"हं, दत्ता, बोल… हो, त्याला घेऊन चाललेय… काय बोलायचं तिच्याशी? मला काय विचारतोस, माझं मलाच कळत नाही. रोज जाते, पोळीभाजीचा डबा ठेवते आणि परत येते… रागावेल? कोण, ती? तुझ्यावर? अरे, रागावली तर बरं होईल. मी तर वाटच बघतेय कधी रागावते त्याची."

ऑटो चौकात वळला. शशिकलाताईंनी समोरचा दांडा घट्ट धरला.

"काल मास्क काढला तिचा, पहिल्यांदा बोलली. मला वाटलं, आता बोलेल काही. माझ्याकडे बघून काय म्हणाली माहितीये? 'बाईजी, काम अधूरो रइग्यो.' काम अर्धवट राहिलं म्हणून माफी मागत होती ती माझी, दत्ता… ऐकलंस?… ऐकलंस ना?… मग ठेव आता. ठेव."

त्याने ठेवला नाही. त्यांनीच बटण दाबलं.